काचेचा गाल

मादबा, ५ मे १९९८

वदाद,

तू बैरूतला गेल्यापासून चार वर्षं मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय ते मायेचं भरतं आलंय म्हणून नव्हे, उगाच हुरळू नकोस.

काल नवालच्या सलूनमध्ये बसले होते. डोक्याला मेंदी थापलेली, मान हलवायची सोय नाही, आणि नवालने बैरूतचं ते गुळगुळीत मासिक आणून माझ्या मांडीवर टाकलं. म्हणाली, बघा तरी उम्म जिर्यिस, तुमची मुलगी छापून आलीय. चार बायका केस पुसायच्या थांबल्या. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा पर्समध्येच होता.

मासिक मागून घेतलं आणि घरी येऊन दार लावून पाहिलं. अख्खं पान तुझं, खड्यांत बसवलेला तुझाच चेहरा. खाली तुझं नाव आणि ओळ, ‘मी, पंचवीस वर्षांची’. नाक जमलंय, तुझ्या बापाचं जसंच्या तसं. उजवी बाजूही बरी आहे. पण डावा गाल? तो काय आहे ग? डोळ्याखाली निळा, गालावर जांभळा, मध्येच हिरवा आणि जबड्याकडे पिवळट. कुणी कौतुकाने लिहिलंय की रंगांची एवढी धिटाई या भागातल्या मोझेकमध्ये पूर्वी पाहिली नव्हती. त्या लिहिणाऱ्याला काय, तो बैरूतला बसलाय.

शिवाय काच वापरलीस. तुझ्या बापाने जन्मभर दगड फोडला. काळा, पांढरा, लाल, गुलाबी, डोंगर देईल तो रंग. जांभळा आपल्या डब्यांत कधी नव्हता आणि त्याने कधी मागितलाही नाही. काचेचे खडे लावणाऱ्यांना तो रंगारी म्हणायचा. बरं झालं आधीच गेला.

आता कामाचं. येत्या शुक्रवारी आपली मंडळी जिर्यिससाठी मागणी घालायला जाणार आहेत. मुलगी अबू तौफीकची रुला, शाळेत गणित शिकवते. तुला आठवेल, चर्चच्या गायनात तुझ्या शेजारी उभी राहायची. तुझा भाऊ बत्तीसचा झालाय, दोन ठिकाणांहून नकार आलाय, हे तिसरं. तेव्हा एवढंच विचारते, हे चित्र आणखी कुठे छापायला दिलंयस का? दिलं असशील तर थांबव. फोन करू नकोस. फोन दुकानात आहे आणि दुकानात जिर्यिस असतो.

उम्म जिर्यिस


मादबा, ९ मे

वदाद,

झालं तुझ्या मनासारखं. आता सावकाश वाच.

काल सव्वीस पुरुष गेले होते. तुझे ओदेकाका पुढे, त्यांच्या मागे शेजारपाजार, दोन मास्तर, एक निवृत्त कर्नलसुद्धा. आम्ही बायका आतल्या खोलीत, दाराला कान लावून. कॉफी आली. काकांनी रीतीप्रमाणे कप उचलला नाही, समोर ठेवला आणि मागणी घातली. आता मुलीच्या बापाने ‘कॉफी घ्या’ म्हणायचं, की सगळे घोट घेतात आणि आत बायका जीभ हलवत जल्लोषाची किलकारी देतात. माझी जीभ टाळूला लागून तयार होती.

अबू तौफीक बोलेना. बाहेर इतकं शांत झालं की कुणाच्या तरी जपमाळेचा मणी मणी ऐकू येत होता. सव्वीस कप समोर निवत होते, आणि त्या कर्नलने चुकून हात पुढे केला तर काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग अबू तौफीक म्हणाला, “कॉफी गार होईल, होऊ द्या. माझ्या मुलीला एक विचारायचंय. उत्तर आलं की आमच्याकडून पुन्हा करू.”

या गावात मुली नाकारल्या गेल्या आहेत, मुलगे नाकारले गेले आहेत. पण भरलेले कप तसेच ठेवून माणसं उठलेली मी माझ्या आयुष्यात पाहिली नव्हती. ओदेकाकांनी घरी येऊन जोडे भिंतीवर फेकले. जिर्यिस दुकानात गेला आणि आतून कडी लावून घेतली.

रुला आत माझ्यापाशी येऊन बसली होती. गोरी, शांत, नखं कापलेली. मला म्हणाली, मावशी, चार वर्षांपूर्वी ईस्टरला वदाद गायला का आली नव्हती? मी म्हटलं, तिला ताप होता. म्हणाली, दोन आठवडे? मी म्हटलं, दोन आठवडे. तेव्हा तिने ते मासिक काढलं आणि तुझ्या गालावर बोट ठेवलं. “मग हा ताप आहे?”

मी काय करणार? मी म्हटलं, बाळ, आमच्या धंद्यात खडे कापडावर पालथे चिकटवतात, कणकेच्या खळीने. लावणाऱ्याला पाठ दिसते, दर्शनी बाजू नाही. पाठीवर सिमेंट ओतून उलटवायचं, कापड धुऊन काढायचं, मग जो रंग निघेल तो निघेल. खडा आरपार एकाच रंगाचा असतो हे आपल्या दुकानातल्या मांजरालाही माहीत आहे. रुलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली की वदादलाच लिहायला सांगा. “तिने लिहिलं तर मी विश्वास ठेवीन. तुमच्यावर नाही ठेवणार, राग मानू नका.”

तेव्हा चार ओळी लिही. रंग हे रंग असतात, एवढंच लिही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे तुला पंचविसाव्या वर्षी कळलं नाही, निदान एकोणतिसाव्या वर्षी तरी कळू दे.

उम्म जिर्यिस


मादबा, २६ मे

वदाद,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं. ‘तिने जिर्यिसलाच विचारावं.’ पाच माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस आणि वर टपालाचं तिकीट लावून शहाणपण पाठवतेस.

चल, विचारूच. पण मग सगळंच विचारू. बिशपच्या घरासाठी त्या मोठ्या पट्ट्याचं काम कुणाच्या नावावर घेतलं होतं? दुकान कुणाचं? बाप गेल्यावर दिवसाला बारा तास खडे फोडून कुणाच्या बोटांची सालं निघाली? तू हुशार, मान्य. चेहरे तू करायचीस, तो पानंफुलं आणि कडा करायचा, तेही मान्य. म्हणून कोपऱ्यात स्वतःचं नाव बसवायचं? आणि तेही कसं, पालथं, खळीत दाबून, कुणाला कळू न देता. कापड धुतलं तेव्हा बिशपचा माणूस समोर उभा होता. पाणी ओघळलं आणि जिर्यिसचं नाव असायचं तिथे तुझं नाव निघालं. तो माणूस हसला. हे तू मासिकवाल्यांना सांगितलंस का? तो हसला म्हणून सगळं झालं.

तरी जिर्यिसने तो जाईपर्यंत धीर धरला. त्याला चहा पाजला, गाडीपर्यंत सोडून आला. मग आत आला.

मी शटर ओढलं, हे तू मनात धरून बसली आहेस. मला ठाऊक आहे. मी नसतं ओढलं तर टुरिस्टांची बस समोरच थांबली होती, चर्चचा नकाशा बघून ती माणसं सरळ दुकानात येतात. त्यांनी फोटो काढले असते. आणि नंतर तुझ्या गालाला बर्फ कुणी लावला? तोंड उघडत नव्हतं तेव्हा चमच्याने मसूर कुणी भरवली? ते कुठे आहे तुझ्या चित्रात? माझा एक खडा नाही त्यात.

आणि आता तू शिकलेली, मासिकात छापून येणारी, म्हणून एक सांगते. तुझा हिरवा चुकलाय. गालाच्या मध्ये हिरवा आधी येत नाही. तो कडेने येतो, पाचव्या-सहाव्या दिवशी, आणि आत सरकतो. जांभळा तिथे तीन दिवस ठाण मांडून असतो. पिवळा सगळ्यांत शेवटी, आणि जबड्यावर तो सर्वांत जास्त रेंगाळतो, तेवढं तू बरोबर केलंयस. तुझा बाप जिवंत असताना अठरा वर्षं मी हे आरशात पाहिलं. काच न वापरता, आपल्या डब्यातल्या दगडांत तुला करून दाखवलं असतं. मी कुठल्या मासिकाला दिलं नाही. मी उठून स्वयंपाक केला.

आता चार ओळी लिही.

उम्म जिर्यिस


मादबा, ७ जून

माझी वदाद,

मागचं पत्र विसर. रागात लिहिलं होतं, टाकल्यावर पोस्टाच्या पेटीत हात घालून काढता येतं का ते बघत उभी राहिले. पोस्टमन हसला.

आज तुझी खोली झाडली. पलंग तसाच आहे. भिंतीवर तू वयाच्या अकराव्या वर्षी खडे चिकटवून केलेला मासा आहे, त्याचं शेपूट गळून पडलंय, ते मी डबीत ठेवलंय. बदामाच्या झाडाला यंदा इतकं लागलंय की शेजारची पोरं भिंतीवर चढून हिरवे बदाम खातात आणि मी त्यांना शिव्या देते. त्यात तुझं नाव तोंडात येतं. तूच चढायचीस ना.

मी आता एकोणसाठची झाले. गुडघा धरतो. जिर्यिस चांगला मुलगा आहे, पण त्याला माझ्याशी काय बोलायचं ते सुचत नाही. संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीकडे बघत जेवतो. घरात एक बाई हवी. दोन असल्या तर आणखी चांगलं.

तू लग्नाला ये. लपून नाही, पाहुण्यासारखी नाही. वराची बहीण म्हणून माझ्या शेजारी बस, अंगावर निळा रेशमी कपडा घाल, मी स्वतः शिवून घेईन. कुणी तोंड वाकडं केलं तर मी बघून घेईन. मी दारात उभी राहून सगळ्या गल्लीसमोर तुला आत घेईन. जिर्यिसशी मी बोलले आहे. तो म्हणाला, येऊ दे.

त्याआधी फक्त त्या मुलीला लिही. काय लिहायचं ते मी सांगते, तुला विचार करायला नको. लिही की बैरूतला तू ज्या चर्चच्या घुमटाची डागडुजी करत होतीस, तिथली काच उरली होती. आकाशाची निळी, देवदूताच्या पंखाची जांभळी, पानांची हिरवी. तेवढेच रंग हाताशी होते, त्यांतच चेहरा केला. त्यात खोटं फारसं नाही. काच उरलेलीच होती की नाही? तूच मासिकात म्हटलंयस. आणि ईस्टरचं लिही, की ताप होता.

अबू तौफीकने महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. त्यानंतर कर्नलचा पुतण्या मागणी घालणार म्हणतात.

नाही लिहिलंस तर जबरदस्ती नाही. फक्त मग माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही येऊ नकोस. मेल्यावर तरी मला शांत पडू दे.

तुझी आई


मादबा, २८ जून

वदाद,

तुझं पत्र वेळेवर पोचलं. रुलाने ते माझ्यासमोर फोडलं. दोनदा वाचलं, मग वडिलांना दिलं, आणि येऊन माझ्या हाताची पापी घेतली. म्हणाली, मी तुमच्यावर संशय घेतला, माफ करा. मी म्हटलं, आई-बापाच्या घरची मुलगी विचारणारच.

तुझं पत्र मीही वाचलं. मी सांगितलेलं सगळं होतं, घुमट, पंख, ताप. पण शेवटची ओळ मी सांगितली नव्हती. ‘माझ्या भावाचा हात मऊ आहे, तो खडा तोडतानाही दोनदा विचार करतो.’ ही तुझी तू घातलीस. छान घातलीस. अबू तौफीकला तीच आवडली, त्याने ती ओदेकाकांना वाचून दाखवली.

परवा शुक्रवारी मंडळी पुन्हा गेली. तेच सव्वीस, कर्नल सोडून. काकांनी कप खाली ठेवला, मागणी घातली, आणि अबू तौफीकने त्यांना वाक्यही पुरं करू दिलं नाही. “घ्या, कॉफी घ्या, मुलगी तुमचीच.” मी इतक्या जोरात जल्लोष केला की घसा बसलाय. लग्न तेरा सप्टेंबरला.

आता तुझ्या येण्याचं. तू लिहिलंस की बसची चौकशी केलीस आणि कामावरून आठ दिवसांची रजा मागितलीस. ती रजा परत कर.

चिडू नकोस, डोकं शांत ठेवून विचार कर. तू त्या मांडवात उभी राहिलीस तर नवरीकडे कोण बघेल? सगळे तुझा डावा गाल बघतील. नवाल तर मासिक घेऊनच येईल. आत्ता कुठे लोक विसरायला लागलेत. आणि जिर्यिस ‘येऊ दे’ म्हणाला होता असं मी लिहिलं, तर त्याला मी खरं तर विचारलंच नव्हतं. काल विचारलं. तो जेवणावरून उठून गेला.

खोलीचंही तसंच. तुझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं, ती नव्या जोडप्याला द्यायची ठरवली. पलंग काढला. माशाच्या भिंतीला रंग दिला.

नंतर बघू. पहिलं मूल होऊ दे, बाप्तिस्म्याला ये. तोवर शहाण्यासारखी राहा आणि कुठे काही छापू नकोस.

उम्म जिर्यिस


मादबा, २ डिसेंबर

वदाद,

तू माझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. लग्नाचे फोटो पाठवले, त्याचीही पोच नाही. आहेस ना त्याच पत्त्यावर?

रुला पडली. म्हणजे शाळेत तसं कळवलंय, जिन्यावरून पडली म्हणून. आपल्या घराला जिना नाही, पण हेडमास्तरीण भली आहे, तिने विचारलं नाही. दहा दिवसांची रजा मिळालीय. भांडण काही मोठं नव्हतं. ती दुकानाचा हिशेब बघायला लागली होती, आणि एका इटालियन गिऱ्हाईकाने जिर्यिससमोर तिचं कौतुक केलं. जिर्यिस ते गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला. तो थांबतो, तुला माहीतच आहे.

शटर मी ओढलं नाही. गुडघ्यामुळे वेळेत पोचले नाही. त्यामुळे समोरच्या केबाबवाल्याने पाहिलं, आणि त्याने अबू तौफीकला सांगितलं.

तो तेरा तारखेच्या रविवारी येतोय, दोन भावांना घेऊन, तिला न्यायला. एकदा नेली की परत आणणं मुश्कील. आणि आपल्यात घटस्फोट कुठे मिळतो, वर्षानुवर्षं चर्चच्या कोर्टात खेटे घालायचे, ना ती सुटणार ना जिर्यिस. या वयात तो पुन्हा एकटा पडेल. मी मेल्यावर त्याला गरम भाकरी कोण देईल, सांग. म्हणून तू अबू तौफीकला लिही. तुझ्या शब्दाला त्याच्याकडे वजन आहे. लिही की जिर्यिस भडकतो, पण एकदाच भडकतो. की तुझ्या बाबतीतही एकदाच झालं आणि नंतर त्याने कधी हात उचलला नाही. हे तर खरंच आहे, नंतर तू इथे नव्हतीसच.

रुला तुझ्या खोलीत पडून असते. तिला मी बर्फ लावते, मसूर भरवते. माझ्यावर तिचा राग नाही. काल म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही त्याची आई. तुम्ही खोटं बोलणार हे मी धरूनच चालले होते. वदादने का लिहिलं?”

मी म्हटलं, तिला घरी यायचं होतं. मी तिला लग्नाला बोलावलं होतं, तिने लिहून दिलं तर.

तिने विचारलं, “मग आली होती? मला तर ती कुठे दिसली नाही.”

मी म्हटलं, नाही. मीच येऊ नको म्हणून कळवलं.

तेव्हा ती हसली. ओठ फाटलेला असल्यामुळे तिला हसताना दुखतं, तरी हसली. “म्हणजे मी अगदीच फुकट गेले,” म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

बुधवारचं टपाल बैरूतहून शनिवारी येतं, तेव्हा हे मिळताच लिही, येत्या बुधवारच्या टपालात पडू दे. आणि नाताळला ये. या वेळी खरंच बोलावतेय.

तुझी आई